शाकारणीतले गणित

कोकणात घराच्या डागडुजीचा हंगाम आणि शाळेची उन्हाळी सुट्टी एकाच वेळी येतात. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आटोपते, शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेला लागते. मधल्या सहा-सात आठवड्यांत कौले चाळायची, सडलेले वासे बदलायचे, भिंतींना चुना मारायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या, ओटीची जमीन नव्याने घालायची. पहिली मोठी सर पडली की छपरावर पाय ठेवता येत नाही, त्यामुळे या कामांना पुढची तारीख मिळत नाही. पुस्तके दप्तरात पडून असतात नेमक्या त्याच दिवसांत घर मुलांसमोर प्रश्न मांडत असते. किती लागेल, केवढे कापायचे, हे असेच का करायचे, नाही केले तर काय होईल? शाळेतले गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र याच प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी जन्माला आले. घरकामात मदत करणारे मूल या विषयांपर्यंत त्यांच्या मूळ वाटेने पोचते.

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातल्या डोलवीत ही वाट विशेष स्पष्ट दिसते. मुंबई-गोवा महामार्गालगतचे हे गाव अंबा नदीच्या आणि धरमतर खाडीच्या कुशीत आहे. एका अंगाला खारेपाटातली भातशेती, बांध आणि खाजण, तर दुसऱ्या अंगाला पोलादाचा प्रचंड कारखाना. इस्पात इंडस्ट्रीजने उभारलेला हा कारखाना २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यू समूहाने ताब्यात घेतला. अशा परिसरातल्या घरांवर छपरांचे तीन प्रकार शेजारी शेजारी आढळतात: मंगळुरी कौले, लोखंडी पत्रा आणि काँक्रीटचा स्लॅब. पूर्वेकडच्या डोंगरात ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर कारवीच्या कुडाच्या भिंती आहेत. कारवी कापायला गेलेल्या मुलाला सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी आणि बी धरल्यावर वाळून जाणारी वनस्पती प्रत्यक्ष हाताळायला मिळते. वनस्पतिशास्त्राचा हा धडा पुस्तकात चार ओळींचा असतो. छपरांच्या तीन प्रकारांना तीन वेगळी पुस्तके लागतात, आणि त्यांतले कौलारू छप्पर सर्वांत समृद्ध आहे.

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. तिथल्या सपाट, खाचेत खाच बसणाऱ्या कौलांनी पुढे सारी पश्चिम किनारपट्टी झाकली. या कौलाखालची रचना ठरलेली असते: माथ्यावर आढे, त्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा, रिपांवर कौलांच्या ओळी. माध्यमिक शाळेत पायथागोरसचे प्रमेय शिकलेल्या मुलीला या रचनेत काटकोन त्रिकोण दिसायला वेळ लागत नाही, फक्त कोणीतरी तिला वर बघायला सांगावे लागते. समजा घराची रुंदी १६ फूट आहे, म्हणजे भिंतीपासून मध्यरेषेपर्यंत ८ फूट. आढे भिंतीच्या माथ्यापासून ६ फूट उंच आहे. ८ चा वर्ग ६४, ६ चा वर्ग ३६, बेरीज १००, म्हणून वासा १० फुटांचा. घराची लांबी ३० फूट असेल तर एक पाखे ३०० चौरस फूट आणि दोन्ही मिळून ६००, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. चौरस मीटरला १५ च्या आसपास कौले लागतात. हिशेब ८४० कौलांचा झाला.

पुस्तकातले उदाहरण इथे संपते. घराचे संपत नाही. वासा भिंतीच्या कडेशी थांबवला तर पागोळ्या भिंतीवरच पडतील आणि पहिल्याच महिन्यात मातीचा गिलावा उतरेल. वळचण किमान दोन फूट बाहेर यायला हवी. मग वासा किती वाढतो? दोन फूट असे उत्तर बहुतेक मुले पटकन देतात. पण वासा उतरता आहे. आडव्या ८ फुटांना तिरपे १० फूट लागले, तर आडव्या २ फुटांना तिरपे अडीच फूट लागणार. समरूप त्रिकोणांचा नियम हाच. वासा साडेबारा फुटांचा झाला, छप्पर ७५० चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ७० चौरस मीटर, आणि कौले ८४० ची १०५० झाली. वाहतुकीतली फूट शेकडा पाच धरली की ११०० मागवायची. एका वळचणीने दोनशे दहा कौलांचा फरक पडतो हे ज्या मुलाने स्वतःच्या आकड्यांनी काढून पाहिले, त्याला प्रमाण ही गोष्ट पुन्हा शिकवावी लागत नाही.

याच छपराला आणखी एक प्रश्न विचारता येतो आणि तो पेणच्या खारेपाटात फार जवळचा आहे. भरपूर पावसाच्या या प्रदेशात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण होते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर छपरावरून किती पाणी वाहून गेले? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. इथे मुले ७० चौरस मीटर हा तयार आकडा घेतात आणि अडकतात. पाऊस तिरप्या छपराचे क्षेत्रफळ मोजत नाही, त्या छपराने झाकलेली जमीन मोजतो. वळचणींसह ती २० बाय ३० फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. एका दिवसाचे साडेपाच हजार लिटरांहून अधिक पाणी झाले. कोकणच्या किनारपट्टीत हंगामाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास धरला, तर एका मध्यम घराच्या छपरावरून वर्षाला दीड लाख लिटरांहून जास्त पाणी खाडीत जाते. त्यातले किती अडवता येईल, पन्हळ केवढी लागेल, टाकी कुठे बसेल, हे पुढचे प्रश्न मुले आपणहून विचारतात. भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्यमानाचा नकाशा एवढे कुतूहल क्वचितच जागवतो.

मोजमापाची भाषा हा या शिक्षणाचा पाया आहे, आणि त्यात एक खरी अडचण दडलेली आहे. भारतात मेट्रिक मापे ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. शाळेत मूल सेंटिमीटर आणि मीटरच शिकते. सुतार मात्र फूट, इंच आणि सूत वापरतो. आठ सूत म्हणजे एक इंच. दाराची फळी २ फूट ५ इंच ३ सूत आहे असे त्याने सांगितले की शहरी सुशिक्षित माणूसही क्षणभर गोंधळतो. टेपच्या एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असतात. दोन्ही कडा वाचायला शिकलेले मूल ही फळी ७४६ मिलिमीटरची आहे हे आधी बघून आणि मग गुणाकार करून ताडून पाहते. अपूर्णांकांची धास्ती घेतलेल्या मुलांसाठी सूत हे उत्तम औषध आहे. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा, सहा सूत म्हणजे पाऊण. छेद समान करण्याची क्रिया टेपवर डोळ्यांना दिसते.

वाळू, मुरूम, खडी यांचे माप ब्रास. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. १५ फूट लांब, १० फूट रुंद ओटी ८ इंचांनी उचलायची असेल तर बरोबर एक ब्रास मुरूम लागतो. तेवढाच मागवला तर तो कमी पडतो, कारण पाणी मारून धुमसाने चोपल्यावर मुरूम खाली बसतो. आकडा चुकलेला नसतो. सुट्या मुरुमात हवेच्या पोकळ्या असतात आणि चोपल्याने त्या मिटतात. वस्तुमान तेच, घनफळ कमी, घनता जास्त. विज्ञानाच्या तासाला पाठ केलेली घनतेची व्याख्या इथे पायाखाली लागते. म्हणून जाणता गवंडी भरावाचे माप काढताना नेहमी थोडे वाढवून सांगतो, आणि त्याने ते का वाढवले हे मुलाने विचारलेच पाहिजे.

गवंड्याच्या पिशवीतली हत्यारे म्हणजे भूमितीचे चालते-बोलते साहित्य आहे. ओळंबा भिंतीचा उभेपणा दाखवतो, कारण दोरीला टांगलेले वजन पृथ्वीच्या केंद्राकडे खेचले जाते. गुण्या काटकोन तपासतो. पाया आखताना गुण्या लहान पडतो, तेव्हा गवंडी एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजून खुणा करतो आणि तिरके अंतर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. पाणसळ जिथे पोचत नाही तिथे पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांवर दोन माणसे उभी राहतात, आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या रेषा एकाच पातळीवर येतात, मध्ये भिंत असली तरी. द्रव आपली पातळी राखतो हे वाक्य घोकलेल्या मुलाच्या हाती ती नळी द्यावी. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, हेही त्याला तिथेच कळते.

दोरीने काटकोन आखण्याची रीत फार जुनी आहे. वैदिक यज्ञवेदी रचण्यासाठी लिहिलेल्या शुल्बसूत्रांत दोरीच्या आखणीची आणि विटांच्या मांडणीची भूमिती आहे. त्याहून आपल्या मातीजवळचा पुरावा म्हणजे भास्कराचार्यांची 'लीलावती'. इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या या अंकगणिताच्या ग्रंथात खातव्यवहार, चितिव्यवहार आणि क्रकचव्यवहार अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. पहिल्यात खोदलेल्या खड्ड्याचे घनफळ, दुसऱ्यात विटांच्या रचीचे माप आणि तिसऱ्यात करवतीने कापायच्या लाकडाचा हिशेब. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे महाराष्ट्रात आठशे वर्षांपूर्वी गणिताचा विद्यार्थी खणणारा, वीट रचणारा आणि करवत ओढणारा यांचे प्रश्न सोडवत होता. नंतरच्या काळात गणित पाटीवर राहिले आणि करवत सुताराच्या पडवीत. या फारकतीची किंमत दोघांनीही मोजली आहे.

रसायनशास्त्राचे धडे चुन्यापासून सुरू होतात. कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी खदखदू लागते. कॅल्शियम ऑक्साइड आणि पाणी यांच्या संयोगातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होताना उष्णता बाहेर पडते. उष्मादायी अभिक्रियेचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण शाळेच्या प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते दुरून पाहण्याचे आहे, कारण चुन्याचा शिंतोडा डोळ्याला कायमची इजा करू शकतो. भिंतीवर मारलेला ओला चुना पहिल्या दिवशी फिका दिसतो आणि वाळत जाईल तसा पांढराशुभ्र होतो, नंतरच्या दिवसांत कडक होतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनत असतो. वर्गात नळीने फुंकर घालून चुन्याची निवळी दुधाळ करतात, तीच अभिक्रिया घराच्या प्रत्येक भिंतीवर संथपणे चाललेली असते.

सिमेंटबद्दल बहुतेक मुलांची, आणि पुष्कळ मोठ्यांचीही, समजूत चुकीची असते. सिमेंट वाळून घट्ट होते असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि म्हणूनच नव्या कामावर निदान आठवडाभर पाणी मारावे लागते. उन्हात लवकर वाळलेला कोबा वरून ठीक दिसतो आणि वर्षभरात त्याची भुकटी सुटते. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याचे काम घरोघर मुलांकडेच येते. त्यामागचे कारण त्यांना सांगितले तर ते काम राहत नाही, निरीक्षण होते. घमेल्याने माप घेऊन एकास सहा असा माल कालवणे हे गुणोत्तराचे गणित आहे, आणि सात घमेल्यांत सिमेंट एकच असते, एक षष्ठांश नसते, हा बारकावा तिथे आपोआप उमगतो.

डोलवीला एक धडा असा मिळाला आहे की तो महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांना मिळू शकेल. धरमतरच्या धक्क्यावर जहाजांतून आणि बार्जमधून लोहखनिज उतरते. ते मुख्यतः लोखंड आणि ऑक्सिजन यांचे संयुग असते. कारखान्यातली सारी उष्णता, कोळसा आणि वायू यांचा खटाटोप त्या खनिजातला ऑक्सिजन वेगळा काढण्यासाठी असतो. मग पोलाद बनते, पोलादाचा पत्रा बनतो, आणि असा पत्रा घरावर चढतो. खाडीवरून येणारी दमट, खारी हवा त्याच्यावर काम करू लागते, आणि जो ऑक्सिजन एवढ्या कष्टाने काढला तो पुन्हा लोखंडाला चिकटतो. गंज म्हणजे लोखंडाने पुन्हा खनिजाच्या दिशेने केलेला प्रवास. क्षपण आणि ऑक्सिडीकरण हे दोन शब्द दहावीच्या मुलांना नेहमी उलटसुलट होतात. डोलवीतल्या मुलाला एक शब्द चिमणीखाली आणि दुसरा पडवीच्या पत्र्यावर दाखवता येतो.

पत्र्यावर जस्ताचा थर का असतो, खिळ्याच्या भोकापासूनच गंज का सुरू होतो, रंग देण्याआधी पॉलिशपेपर का मारायचा, ही सगळी त्याच धड्याची पुढची पाने आहेत. स्लॅबच्या घरात हा धडा आतून घडतो. खाऱ्या पाण्यात किंवा खाडीच्या न धुतलेल्या वाळूत कालवलेल्या काँक्रीटमधली सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असल्याने तो भोवतीचे काँक्रीट आतून ढकलतो आणि छताचे पोपडे पडतात. वरच्या अंगाला पाणी साचू नये म्हणून स्लॅबवर कोब्याचा उतार देतात. शंभरास एक असा उतार २० फुटांच्या स्लॅबला द्यायचा तर २४० इंचांचा शंभरावा भाग, म्हणजे २ इंच आणि ३ सुतांहून किंचित जास्त. शेकडेवारी आणि सूत इथे एकाच ओळीत येतात.

वाऱ्याचा धडा रायगड जिल्ह्याने ३ जून २०२० रोजी घेतला. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत त्याहून मोठे. हजारो घरांची कौले आणि पत्रे उडाले, आणि पावसाळा उंबरठ्यावर होता. करोनामुळे शाळा बंद होत्या. घरात असलेली मुले छपराच्या कामाला जुंपली गेली, कारण दुसरे हात नव्हते. छप्पर का उडाले, हा प्रश्न त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी होता. वारा छपराला ढकलतो असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात छपरावरून वेगाने वाहणारी हवा वरचा दाब कमी करते आणि छप्पर वर खेचले जाते. ताशी ११० किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५५ किलो वजनाइतका भरतो, आणि छपराच्या कडा व कोपरे यांवर वर खेचणारा जोर साधारण त्याच प्रमाणात पडतो. कौलांचे वजन चौरस मीटरला ३५ ते ४० किलो आणि पातळ पत्र्याचे पाच किलोही नाही. पत्रा टिकला असेल तर हुकांमुळे टिकला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हा वर्गाचा नियम ज्या मुलाने फुटक्या कौलांच्या ढिगाऱ्याशेजारी समजून घेतला, ते पुढच्या वेळी कडेच्या ओळी तारेने बांधायला कोणाच्या सांगण्याची वाट पाहणार नाही.

इतके सगळे शिक्षण घरात उपलब्ध असताना ते सहसा घडत का नाही? सुट्टीत घरकाम तर असंख्य मुले करतात. याचे पहिले कारण असे की मुलाला बहुधा हमाली दिली जाते आणि हिशेब मोठी माणसे करतात. कौल उचलून दे, पाणी आण, शिडी धर, बाजूला हो. दिवसभर राबूनही मूल काहीच शिकत नाही, कारण मोजणे, अंदाज बांधणे, ठरवणे आणि चुकणे यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला आलेले नसते. शिक्षण कामातल्या निर्णयात असते. कोणते कौल फुटके आणि कोणते अजून चालेल, हे ठरवण्याची मुभा मिळालेले मूल एका सकाळी जितके शिकेल तितके दहा दिवसांच्या ओझ्याने शिकणार नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्याकडे हत्याराचे ज्ञान काही जातींत वाटले गेले आणि पुस्तकाचे ज्ञान दुसऱ्या जातींत. सुताराच्या मुलाला रंध्याची धार कोणत्या कोनात लावायची हे ठाऊक असते, पण शाळा त्याला कधी ते विचारत नाही आणि भूमितीत नापास करते. जी मुले प्रमेय पाठ म्हणतात त्यांच्या घरी गवंडी आला तर ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसवली जातात. मुलींच्या बाबतीत घरातली वाटणी आणखी कडक. सारवणे, चुना कालवणे, माती मळणे त्यांच्याकडे. टेप, करवत आणि शिडी भावाकडे. त्यामुळे जी मुलगी वर्गात पहिली येते तिलाही छपरावर चढून आढ्याची उंची मोजण्याची संधी मिळत नाही. ही वाटणी अन्यायाची आहे, आणि ती मोडण्यासाठी सरकारी आदेश लागत नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक होकार पुरतो.

महाराष्ट्रातल्या शिक्षणाच्या विचारवंतांना हा प्रश्न दिसला नव्हता असे नाही. बांधकामाचे ठेके घेतलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात वाचन-लेखन-हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून सर्व विषय शिकवण्याची नई तालीम मांडली. झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. महाराष्ट्रातल्या कित्येक जुन्या प्राथमिक शाळांच्या पाटीवर 'जीवन शिक्षण' हे शब्द आजही दिसतात, ते याच विचारधारेतून आलेले. सेवाग्रामला नई तालीमची आनंद निकेतन ही शाळा २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. शाळांत तो तास आला, पण बहुतेक ठिकाणी घोटीव कागदाची फुले आणि शोभेच्या वस्तू यांवर थांबला. शोभेच्या फुलाला गळती लागत नाही, म्हणून ते चुकले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. खऱ्या कामाची परीक्षा खऱ्या गरजेने घेतली जाते, आणि शिकवणारी गोष्ट तीच आहे.

ही जाण सर्वांत नेटाने प्रत्यक्षात आणली ती पाबळने. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीला शिकवला जाऊ लागला. त्याचे चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुले-मुली चारही विभागांत काम करतात. गावाला लागणारी कामे मुलांनी करायची, त्यांचा खर्च काढायचा, दर ठरवायचा, असा शिरस्ता. आश्रमातले त्रिकोणांच्या सांगाड्याचे घुमट मुलांना त्रिकोण हा एकमेव न डगमगणारा बहुभुज का आहे हे रोज दाखवतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याबरोबर काम करण्याची तरतूद सुचवली आहे. दहा दिवस थोडे आहेत. उन्हाळ्याची सुट्टी त्यापेक्षा मोठी आहे आणि तिला कोणाची मंजुरी लागत नाही.

मुलांनी काम करावे असे म्हणताना सीमा स्पष्ट असायला हवी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा १४ वर्षांखालच्या मुलांना कोणत्याही उद्योगात कामाला ठेवू देत नाही. घरच्यांना मदत शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीत, आणि तीही धोकादायक नसलेल्या कामातच. हा फरक कागदी नाही. पेण आणि हमरापूरच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रंगरेषांचे विलक्षण शिक्षण भरलेले आहे, पण तिथला वेग गणेशोत्सवाच्या तारखेने आणि मागणीने ठरतो. घरच्या डागडुजीत मूल थांबून प्रश्न विचारू शकते. जिथे थांबता येत नाही तिथे शिकणे उरत नाही, मजुरी उरते.

धोके नेमके सांगितले पाहिजेत. विजेचे काम मुख्य खटका बंद करून जाणत्याने करावे, मुलाने घरातल्या उपकरणांचे वॅट मोजून महिन्याचे युनिट काढावेत. जुने सिमेंटचे पत्रे कापू नयेत, त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. घरगुती रंगातल्या शिशाला दशलक्षास ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आहे, म्हणून त्याआधीचा रंग कोरडा खरवडण्याचे काम लहान मुलांना देऊ नये. कौलांवर चढणे मोठ्यांनाही जपून करावे लागते. आढ्याची उंची माळ्यावरूनही मोजता येते.

घरात शिकवण्याची रीत साधी आहे आणि ती कोणत्याही गवंड्याला, आजीला किंवा कारखान्यात पाळी करून आलेल्या वडिलांना जमेल. मोजण्याआधी मुलाला अंदाज विचारावा आणि तो लिहून ठेवायला लावावा. मग मोजावे आणि दोन आकडे शेजारी ठेवावेत. कारागिराला 'का' विचारण्याची मुलाला मोकळीक द्यावी आणि कारागिराला त्या वेळेचे पैसे द्यावेत, कारण तो त्या घटकेला शिक्षक असतो. चूक होणार हे धरून पहिली फळी जुन्या लाकडाची द्यावी. आखूड कापलेली फळी लांब होत नाही, आणि खोडरबराने न पुसता येणारी ही चूक मुलाला दोनदा मोजण्याची सवय लावते. खर्चाची वही मुलाच्या हाती असावी: कौले, वाहतूक, मजुरी, चुना, खिळे. जूनमध्ये शाळा उघडली की शिक्षकांनी ती वही मागून घ्यावी, वर्गात वाचून घ्यावी आणि तिला गुण द्यावेत. वर्गातल्या सुताराच्या मुलाला फळ्याजवळ बोलावून सूत समजावून सांगायला लावावे.

येत्या वैशाखात डोलवीत, पेणमध्ये किंवा रोह्यात ज्यांच्या घरावर शिडी लागेल, त्यांनी टेप आधी घरातल्या मुलीच्या हाती द्यावा, तिचा आकडा एकदा तपासून घ्यावा आणि कौले तिच्या हिशेबाने मागवावीत.